तीन इंचांची फळी

बरगीच्या जलाशयावर मासे धरून पोट भरणाऱ्या एका गृहस्थाची अठरा फुटी जुनी लाकडी नाव, आणि तिच्या पाठीमागे टांगावयाचे नवे यंत्र किती अश्वशक्तीचे व कोणत्या जातीचे असावे, एवढ्या वरकरणी लहान दिसणाऱ्या प्रश्नावर आमच्या जबलपूरच्या घराच्या पडवीत गेल्या फाल्गुनात जे संभाषण तीन दिवस चालले, ते मी कान देऊन ऐकले आणि चौथ्या दिवशी त्याचा शेवट पाण्यावर झालेला डोळ्यांनी पाहिला. म्हणून ते शब्दशः नाही तरी त्यातले सार न गमावता लिहून ठेवणे मला अगत्याचे वाटते.

वाद घालणारे दोघे एकमेकांचे व्याही. माझे थोरले काका, ज्यांना सारे घर आप्पा म्हणते, त्यांची उभी नोकरी इथल्या वाहन निर्माणीत गेली. १९६९ साली उभ्या राहिलेल्या त्या कारखान्यात लष्करासाठी तयार होणारे शक्तिमान ट्रक आणि जोंगा गाड्या यांची किती इंजिने त्यांच्या हाताखालून गेली असतील याची गणती त्यांनाही करता येणार नाही. बापू हर्णैचे. सुवर्णदुर्गासमोरच्या त्या बंदरावर त्यांनी चाळीस वर्षे होड्यांची इंजिने खोलली, धुतली, जुळवली आणि पुन्हा समुद्रात पाठवली. लेकीच्या घरी चार दिवस विसाव्याला म्हणून आले होते, आणि इंजिनाचा विषय निघताच विसाव्याची कल्पना त्यांनी मनातून काढून टाकली.

ज्याच्या नावेचा हा प्रश्न, तो आप्पांच्या जुन्या परिचयातला, जलाशयाच्या काठच्या एका गावातला गोंड गृहस्थ. त्याच्या घराण्यात मासेमारी नव्हती, शेती होती. १९७४ साली काम सुरू होऊन १९९० च्या सुमारास पुरे झालेल्या बरगीच्या धरणाने जबलपूर, मंडला आणि सिवनी या तीन जिल्ह्यांतील १६२ गावांना झळ पोहोचवली, नर्मदेच्या खोऱ्यात पंचाहत्तर किलोमीटर लांबीचे पाणी पसरले, आणि ज्यांच्या जमिनी त्या पाण्याखाली गेल्या त्यांतल्या पुष्कळांनी, नांगराची सवय असलेल्या हातांनी, जाळे विणावयास शिकून घेतले. बरेच झगडल्यानंतर १९९४ मध्ये विस्थापितांच्या सहकारी संघाला या पाण्यात मासे धरण्याचा हक्क मिळाला. तो हक्क पुढे कसा राहिला आणि कसा निसटत गेला ही कथा मोठी आहे आणि ती स्वतंत्रपणे सांगावी अशा योग्यतेची आहे. येथे इतकेच पुरे की हा गृहस्थ जेव्हा उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर नाव हाकतो, तेव्हा तो आपल्या वडिलांच्या शेतावरून जात असतो, आणि बुडालेल्या मोहाचे कोणते खोड किती हातांवर आहे हे त्याला नकाशावाचून ठाऊक असते.

त्याचे काम स्वतः जाळे टाकण्याचे कमी आणि आडबाजूच्या वस्त्यांवरून कतला, रोहू, पढिन असे मासे गोळा करून बर्फात घालून धक्क्यावर पोहोचविण्याचे अधिक. नावेला पाठीमागे टांगलेले जुने, घासलेटवर चालणारे दोन आघातांचे यंत्र होते. ते हिवाळ्यात एके दिवशी भर पाण्यात अडकून बसले ते कायमचे. नव्या यंत्रासाठी सरकारी साहाय्याची दरखास्त करावयाची होती. २०२० साली निघालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण लाभार्थ्याला खर्चाच्या ४० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींना व स्त्रियांना ६० टक्के मदतीची तजवीज आहे, तिच्यावर त्याची सारी भिस्त. दरखास्तीला यंत्राचे दरपत्रक जोडावयाचे होते, दरपत्रक मागताना दुकानदाराने अश्वशक्ती विचारली होती, आणि तिचा आकडा विचारण्यासाठी तो कागद घेऊन आप्पांकडे आला होता.

बापूंनी कागदाकडे पाहिलेसुद्धा नाही. “चाळीस,” ते म्हणाले. “दोन आघातांचे, चाळीस अश्वशक्तीचे. दुसरा विचार करू नये.”

“चाळीस कशासाठी?” आप्पांनी विचारले.

“आप्पासाहेब, आपण गाड्यांची इंजिने पाहिलीत. गाडीचे इंजिन बंद पडले तर गाडी उभी राहते. नाव उभी राहत नाही. हर्णैला दक्षिणेचा वारा उठला म्हणजे खडकांकडे ओढ लागते, आणि त्या वेळी ज्याच्या यंत्रात राखून ठेवलेले बळ असते तो घरी जेवायला येतो. जास्तीचे बळ रोज वापरू नये हे मला मान्य आहे. परंतु ते नावेत असलेच पाहिजे. इथल्या पाण्याची रुंदी चार-साडेचार किलोमीटर भरते असे तुम्हीच सांगता. वैशाखातली इथली आंधी मी पाहिली नाही, पण एवढ्या मोकळ्या पाण्यावर वारा धावला की लाट उठणारच.”

“उठते,” आप्पा म्हणाले. “आंधीत इथे पुरुषभर लाट नसली तरी अशा नावेला बुडवायला पुरेशी असते. तुमचा मुद्दा मी सोडून देत नाही. परंतु चाळीस घोडे त्या नावेला चाळीस घोड्यांचा वेग देतील, किंवा चाळीस घोड्यांचा आधार देतील, हे मला मान्य नाही.” आणि त्यांनी पडवीच्या शहाबादी फरशीवर खडूने नावेची आकृती काढली.

आप्पांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत सांगता आले असते तर बरे झाले असते, पण ते पुष्कळ वेळ बोलले, म्हणून थोडक्यात सांगतो. जड नाव पाणी बाजूला सारीत चालते, तेव्हा पुढच्या टोकाशी एक लाट उठते आणि पाठीमागे दुसरी. वेग वाढतो तसे या लाटांमधले अंतर वाढते, आणि ते नावेच्या लांबीइतके झाले म्हणजे नाव आपणच उठविलेल्या दोन लाटांच्या मधल्या खळग्यात सापडते. त्यापुढे जितके बळ लावावे तितकी तिची पाठ खाली बसते आणि नाळ वर उठते, म्हणजे ती जणू उतारावरून वर चढू पाहते. एकोणिसाव्या शतकात विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने लहान लहान नमुने पाण्याच्या हौदात ओढून हे सिद्ध केले. व्यवहारात त्याचे सूत्र असे की पाण्याच्या रेषेवर नाव जितके फूट लांब असेल त्याचे वर्गमूळ काढावे आणि १.३४ ने गुणावे, म्हणजे ताशी किती सागरी मैल हा तिचा स्वाभाविक वेग निघतो. या नावेची पाण्यावरची लांबी सोळा फूट. सोळाचे वर्गमूळ चार. उत्तर आले पाच सागरी मैल आणि थोडे वर, म्हणजे ताशी सुमारे दहा किलोमीटर.

“आणि हा वेग,” आप्पा म्हणाले, “शांत पाण्यात पाच अश्वशक्तीतही हाती येतो. मग उरलेले पस्तीस घोडे काय करतील? नावेची पाठ बुडवतील आणि पेट्रोल पितील.”

बापूंना हे ऐकून घेणे जड गेले नाही. ते अशा माणसांपैकी आहेत की ज्यांना योग्य हरकत सुचेपर्यंत गप्प राहता येते. क्षणभराने ते म्हणाले, “हे गोल तळाच्या नावेला लागू. ही नाव सपाट तळाची आहे असे तुम्हीच सांगितलेत. सपाट तळाला पुरेसे बळ द्या, ती लाटेवर चढून पाण्यावरून घसरू लागते. मग तुमचा तो साहेब आणि त्याचे वर्गमूळ मागे राहते. आमच्याकडे फायबरच्या होड्या रोज अशा धावतात.”

“रिकाम्या धावतात,” आप्पा म्हणाले. “हिच्यात येताना पाच-सहा क्विंटल मासे आणि बर्फ असतो. शिवाय पाण्यावर आपटत धावण्याचे धक्के सोसण्यासाठी या फळ्या जोडलेल्या नाहीत. सांध्यांत कापूस आणि डांबर ठासले आहे, खिळे वीस वर्षांचे आहेत. तुमच्या चाळीस अश्वशक्तीत ती एकदाच वर चढेल, बापूसाहेब, आणि सांधे उघडून परत येईल.”

पहिल्या दिवशीचा वाद इथे थांबला. माझ्या मते त्यात आप्पांची बाजू खरी होती, परंतु बापूंच्या बोलण्यातली वाऱ्याची गोष्ट मनातून जात नव्हती, आणि ती आप्पांच्याही मनातून गेली नसावी, कारण रात्री जेवताना त्यांनी आपण होऊन विचारले, “तुमच्याकडे वाऱ्याविरुद्ध जोर हवा असला म्हणजे पंखा कोणता लावता?” कोकणात यंत्राच्या त्या पाण्यातल्या पात्यांना पंखाच म्हणतात. बापू म्हणाले की व्यासाने मोठा आणि पिळाने कमी. एका फेऱ्यात कमी अंतर कापतो, पण जे कापतो ते ठासून कापतो, बैलासारखा. आप्पांनी मान हलविली आणि पोळीचा तुकडा मोडला.

दुसऱ्या दिवशी जातीचा प्रश्न निघाला: दोन आघातांचे की चार आघातांचे? हा वाद अधिक खोल गेला, कारण इथे दोघांच्याही आयुष्यभराच्या श्रद्धा गुंतलेल्या होत्या.

बापूंची भूमिका अशी की दोन आघातांच्या यंत्रात झडपा नाहीत, झडपा हलविणारा दंड नाही, वंगणाची टाकी नाही. तीन पाने आणि एक स्क्रूड्रायव्हर असला की भर समुद्रात ते खोलता येते. “आणि आणखी एक गोष्ट,” ते म्हणाले, “ती पुस्तकात ठळक लिहीत नाहीत. हे यंत्र तो माणूस रात्री नावेवर ठेवणार नाही; चोरीला जाईल. तो ते खांद्यावर घेऊन घरी नेणार आणि पडवीत आडवे ठेवणार. दोन आघातांचे कसेही निजवा. चार आघातांच्या पोटात वंगण असते. ते भलत्या कुशीवर निजवले तर वंगण सिलिंडरात उतरते आणि सकाळी दोरी ओढली की ते खोकत बसते. त्याला एकाच कुशीवर निजावे लागते. हे लहान मुलाच्या हातात द्यायचे यंत्र नव्हे.”

“मग त्या कुशीवर तांबड्या रंगाचा एक ठिपका काढू,” आप्पा म्हणाले.

बापू हसले नाहीत, पण ठिपक्याची कल्पना त्यांना रुचली असे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसले.

आप्पांची भूमिका मात्र यंत्रापासून सुरू होत नव्हती. ती पाण्यापासून सुरू होत होती. दोन आघातांच्या यंत्रात जळालेला धूर बाहेर जाण्याचे आणि ताजे मिश्रण आत येण्याचे दार एकाच वेळी उघडे असते, त्यामुळे इंधनाचा साधारण पाव हिस्सा, कधी त्याहूनही अधिक, न जळताच वंगणासकट पाण्यात जातो. “हे पाणी,” ते म्हणाले, “तुमच्या समुद्रासारखे दूर वाहून जाणारे नाही. जबलपूर शहर नर्मदेचे पाणी पिते. मी पितो, तुमची लेक पिते, तुमचा नातू पितो. भोपाळच्या मोठ्या तलावात क्रूझ आणि मोटारनौकांवर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०२३ साली जी बंदी घातली, ती कशासाठी? आज इथे कोणी विचारीत नाही, उद्या विचारील. आणि त्या दिवशी या गृहस्थाच्या हाती निळा धूर सोडणारे यंत्र असू नये असे मला वाटते. त्याची मिळकत एकदा पाण्यात बुडाली आहे. दुसऱ्यांदा ती एखाद्या हुकमाने बुडू नये.”

हे शेवटचे वाक्य त्यांनी इतक्या हळू म्हटले की बापू काही वेळ बोललेच नाहीत. नंतर त्यांनी, जणू आप्पांच्याच बाजूने शोधून काढावा तसा, सर्वांत अवघड प्रश्न विचारला. “ठीक. पण बरगीच्या काठी ते दुरुस्त कोण करील? आमच्या बंदरावर दोन आघातांचे यंत्र शाळकरी पोरेसुद्धा उघडतात. इथे?”

आप्पांनी याचे जे उत्तर दिले ते मला फार मोलाचे वाटले. ते म्हणाले की तीस वर्षांपूर्वी तुमचे म्हणणे खरे होते, जेव्हा रस्त्यावरच्या स्कूटरी आणि निम्म्या मोटारसायकली दोन आघातांच्या होत्या. आज धुराच्या कायद्यांनी त्या रस्त्यावरून गेल्या. आज बरगीच्या नाक्यावरचा जो पोरगा मोटारसायकली दुरुस्त करतो, त्याने जन्मात दोन आघातांचे इंजिन खोललेले नसते, पण झडपांचे अंतर पत्र्याच्या पातीने तपासणे, कार्ब्युरेटर पुसणे, वंगण बदलणे ही त्याच्या रोजच्या हातची कामे आहेत. “यंत्र साध्या कार्ब्युरेटरचे घ्यावे, संगणकाने इंधन सोडणारे घेऊ नये, एवढे पथ्य पाळले की तो पोरगाच आपला कारागीर. नाहीसा होत चाललेला कारागीर तुमच्या बाजूचा आहे, बापूसाहेब, माझ्या बाजूचा नाही.”

विजेच्या यंत्राची गोष्ट मीच मध्ये काढली. केरळात वैक्कमच्या बाजूला ‘आदित्य’ नावाची पंचाहत्तर माणसांची सौर नौका २०१७ पासून चालते, हे मी ऐकून होतो, आणि आवाज नाही, धूर नाही, असा तिचा लौकिक. आप्पांनी कागदावर हिशेब मांडला: चार किलोवॉटचे बळ तीन तास हवे म्हणजे बारा युनिट साठवण, म्हणजे शंभर किलोच्या आसपास बॅटरी, आणि ती रोज पुरी भरण्याची शाश्वती असलेली वीज. मोठ्या नौकेच्या छपरावर सूर्य पुरतो. या नावेला छप्परच नाही. “दहा वर्षांनी,” ते म्हणाले, आणि आम्ही तो विषय सोडला. पाण्याच्या पंपाच्या डिझेल इंजिनाला लांब दांडा लावून काही लोक नावा हाकतात, त्याचीही गोष्ट निघाली. पण त्याचा हादरा सांध्यांना सोसणार नाही यावर दोघांचे तत्काळ एकमत झाले.

तिसऱ्या दिवशी बापू पेट्रोलवरून अडून बसले, आणि इथे त्यांनी आप्पांना खरोखर पेचात पकडले. देशभरच्या पंपांवर आता जे पेट्रोल मिळते त्यात वीस टक्के इथेनॉल असते, आणि नावेच्या यंत्रांच्या पुस्तिकांत बहुधा दहा टक्क्यांची मर्यादा लिहिलेली आढळते. इथेनॉल हवेतली वाफ ओढते. टाकीत फार दिवस पडून राहिले तर ते पाण्यासह पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसते, आणि नेमके तेच पहिल्यांदा कार्ब्युरेटरात जाते. “आणि तुमच्याकडे मासेमारी बंद कधी असते?” बापूंनी विचारले. १६ जून ते १५ ऑगस्ट, आप्पा म्हणाले. “म्हणजे भर पावसात, हवा जेव्हा पाण्याने भरलेली असते, तेव्हा दोन महिने ते पेट्रोल टाकीत निजणार. श्रावणात नावेला नारळ वाढवून हा माणूस दोरी ओढील आणि यंत्र सुरू होणार नाही, आणि तो म्हणेल की शहाण्या बाबूजींनी फसवले.”

आप्पा उठून आत गेले आणि एक वही घेऊन आले. त्यांनी लिहिले: जूनच्या पहिल्या पंधरवड्यात टाकी रिकामी करणे; नळी काढून यंत्र चालू ठेवणे, कार्ब्युरेटर कोरडा पडून ते आपोआप बंद होईपर्यंत; प्लग काढून आत थोडे वंगण सोडणे; खालच्या दातेरी चाकांच्या पेटीतले तेल बदलणे, आणि ते दुधासारखे पांढरे निघाले तर दांड्याभोवतीच्या रबरी कड्यातून आत पाणी शिरते असे समजणे. बापूंनी शेवटच्या कलमाखाली आपल्या हाताने आणखी एक ओळ जोडली: जाळ्याचा दोरा पंख्यामागे गुंडाळला जातो आणि तोच ते कडे कापतो, दर आठवड्यास पंखा काढून पाहणे. ती वही पुढे त्या गृहस्थाच्या मुलाने हिंदीत उतरवून घेतली.

चौथ्या दिवशी आम्ही बरगीला गेलो. पाणी उतरू लागले होते. जलाशय पूर्ण भरतो तेव्हा पातळी समुद्रसपाटीपासून ४२२.७६ मीटरवर असते, आणि उन्हाळ्याच्या अखेरीस ती पुष्कळच खाली जाते. त्यामुळे जिथे भाद्रपदात नाव बांधतात तिथून पाण्यापर्यंत उन्हाळ्यात भेगाळलेल्या चिखलाचा लांब उतार पडतो. बापू तो उतार पाहत उभे राहिले. चाळीस अश्वशक्तीचे दोन आघातांचे यंत्र सत्तर किलोच्या घरात जाते, चार आघातांचे शंभराच्या जवळ. बापू काही बोलले नाहीत. तो गृहस्थ मात्र हसून म्हणाला की बाबूजी, जुने यंत्र मी एकटा वर नेत असे, सत्तर किलोचे नेताना रोज भाऊ बोलवावा लागेल, आणि भाऊ नागपूरला असतो.

नाव पालथी घालून ठेवली होती. बापूंनी हातोडीच्या दांड्याने पाठीमागच्या उभ्या फळीवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत टकटक केले. उजव्या कोपऱ्याशी आवाज भद्द झाला, तिथे त्यांनी आरी टोचून पाहिली आणि ती अर्धा इंच आत गेली. तेवढा तुकडा बदलावा लागेल असे ठरले. मग आप्पांनी नाव सुलटी करवून, फळीच्या वरच्या कडेपासून तळापर्यंत काठी सरळ उभी धरून माप घेतले. अठरा इंच.

“लांब दांड्याचे यंत्र लागेल,” आप्पा म्हणाले. नावेची यंत्रे पंधरा इंची आणि वीस इंची अशा दोन मापांत सर्रास मिळतात, आणि पंख्याच्या वर जी आडवी चपटी पट्टी असते ती नावेच्या तळाच्या पातळीला किंवा इंचभर खाली यावी असा नियम आहे. ती वर राहिली तर पंखा पाण्याऐवजी हवा ओढतो.

बापू मात्र फळीच्या वरच्या कडेवर अंगठा फिरवीत होते. “हे लाकूड वेगळे आहे,” ते म्हणाले. डांबराचा थर खरवडला तेव्हा खाली सांधा दिसला. मूळ फळीवर कोणीतरी तीन इंच उंचीचा दुसरा तुकडा आडवा ठोकला होता. त्या गृहस्थाला आठवले: जुने यंत्र विकत घेतले त्या वर्षी लाटेचे पाणी पाठीमागून आत येते म्हणून त्याच्या वडिलांनी ते लाकूड बसवून घेतले होते. मग बापूंनी विचारले की ते यंत्र ओझे नसताना, किंवा वळताना, किंवा लाटेत, एकाएकी गरजून उठत असे काय, आणि पुढे मात्र ओढत नसे काय? तो गृहस्थ त्यांच्याकडे पाहतच राहिला. बारा वर्षे, तो म्हणाला. बारा वर्षे ते गरजत होते आणि ओढत नव्हते, आणि सारे जण सांगत होते की यंत्रात बळ कमी आहे, मोठे घे.

मोडलेले यंत्रही तिथेच गोणपाटाखाली होते. बापूंनी चार स्क्रू काढून खालचा पाण्याचा पंप उघडला. आत मुठीत मावेल एवढे रबरी फूल होते, त्याच्या सहा पाकळ्यांपैकी तीन तुटलेल्या आणि उरलेल्या एका बाजूला वाकून दगडासारख्या कडक झालेल्या. हे फूल पाणी वर ओढून इंजिन थंड ठेवते, आणि ते काम करीत असल्याची खूण म्हणजे यंत्राच्या मागे सतत पडणारी करंगळीएवढी धार. ती धार बारीक झाली होती काय? झाली होती, पण ती कशाची खूण हे त्याला कोणी सांगितले नव्हते, विकताना नाही आणि नंतरही नाही. आप्पांनी ते फूल हातात घेतले आणि बराच वेळ खाली ठेवले नाही. मला त्यांच्या मनातला राग दिसत होता, आणि तो मलाही आला होता: एका माणसाची दहा-बारा वर्षांची मिळकत ज्या यंत्रावर अवलंबून, त्याच्या एका धारेचा अर्थ सांगण्याइतकी सवड त्याला यंत्र विकणाऱ्या कोणालाही झाली नाही.

तीन इंचांचे ते लाकूड काढले की फळीचे माप पंधरा इंचांवर येत होते; आखूड दांडा, जो बुडालेल्या खोडांवर आपटण्याची भीतीही कमी. लाटेचे पाणी आत येऊ नये म्हणून फळीच्या आतल्या बाजूला, यंत्रापुढे, आडवी पेटी करावी असे बापूंनी सुचविले. कोकणात तसे करतात.

उरला होता आकडा. आप्पा नऊ दशांश नऊ म्हणत होते, चार आघातांचे, चाळीसेक किलोचे. बापूंनी त्यांना थांबविले आणि धक्क्यावरच्या काट्यावर वाळूची पोती तोलून मागितली: एक चाळीस किलोचे, एक तीस किलोचे. नाव पाण्यात लोटली. आत मासे आणि बर्फाच्या भाराइतके दगड भरले. तो गृहस्थ हातात वल्हे धरून पाठीमागे आपल्या जागी बसला. चाळीस किलोचे पोते फळीवर, जिथे यंत्र टांगावयाचे तिथे, दोरीने लटकविले, आणि बापूंनी गुडघाभर पाण्यात उतरून नावेच्या अंगावर पाणी जिथवर पोहोचले होते तिथे खडूने रेघ ओढली. काठापासून रेघेपर्यंत एक वीत आणि चार बोटे. मग त्यांनी तीस किलोचे दुसरे पोते त्याच दोरीला बांधले.

नावेची पाठ सावकाश खाली गेली. खडूची रेघ बुडाली. वरून तिसऱ्या फळीचा सांधा, जो आजवर पाण्याच्या वर राहिल्यामुळे उन्हाने सुकून आकसला होता, तो पाण्याला लागला, आणि आतल्या बाजूने त्याच्यातून एक बारीक चमकती ओळ झिरपू लागली. त्या गृहस्थाने वल्हे खाली ठेवून तळहात तिच्यावर ठेवला, जणू हाताने ती थांबेल.

बापू पाण्यात तसेच उभे होते. वारा मंडल्याच्या बाजूने येत होता आणि पाण्यावर लहान लहान सुरकुत्या उठत होत्या. मग त्यांनी आपणच दोरी सोडून दुसरे पोते काढून घेतले, ते खांद्यावर टाकून उताराने वर आणले, आणि धोतराला हात पुसून आप्पांकडून ती दरखास्त मागून घेतली.

“वल्ही दोन ठेवायची, आणि नांगर,” ते म्हणाले. “त्याशिवाय मी लिहिणार नाही.”

“ठेवायची,” आप्पा म्हणाले.

बापूंनी कागद गुडघ्यावर ठेवला, पेन्सिलीने नऊ दशांश नऊ असे लिहिले, आणि मान वर न करता विचारले, “आणि दुकानदाराला पंख्याचा व्यास किती कळवायचा, आप्पासाहेब? मोठाच कळवू ना?”